डावीकडची करकर

मे महिन्यात जळगावात सकाळी दहानंतर गाडीच्या पत्र्याला हात लावणे कठीण होते, म्हणून गाडीखालची कामे मी साडेसहालाच सुरू करतो. त्या दिवशी पिटवर, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, पहिली गाडी पारोळा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची होती. आदल्या रात्री ते मुलीकडे मुक्कामाला आले होते आणि मी शटर उघडण्याआधीच दारात उभे होते. वयाने माझ्या वडिलांएवढे असल्यामुळे मी त्यांना आबा म्हणू लागलो. ते म्हणाले, "भाऊ, गाडी चांगली चालस, पन हाऊ आवाज काही जात नही."

गाडी 2014 सालची, पेट्रोलवर चालणारी आणि आठ महिन्यांपूर्वी 3 लाख 10 हजारांना घेतलेली होती. इंजिनाबद्दल काहीच तक्रार नव्हती. मात्र गतिरोधक तिरका ओलांडताना किंवा शेताच्या वाटेवरून डांबरी रस्त्यावर चढताना डाव्या बाजूने जुन्या दाराच्या बिजागरीसारखी करकर येत असे. या आठ महिन्यांत तीन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. दोन्ही लिंक रॉड, दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे खालचे दांडे) आणि डाव्या शॉकअपचे वरचे माउंटिंग असे सुमारे 14 हजारांचे सामान बदलले होते आणि आवाज जसाच्या तसा होता. आबांच्या घरातल्या बायका त्या गाडीत बसायला तयार नव्हत्या. आबांना ते पैशांपेक्षाही जास्त लागले होते, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होते.

मी आधी त्यांच्या शेजारी बसून बांभोरीच्या पुलापर्यंत गेलो. गिरणेवरच्या त्या पुलाच्या सांध्यांवरून जाताना दोन्ही चाके एकदम उचलली जातात, तिथे गाडी शांत होती. परतताना पेट्रोल पंपाच्या उंचवट्यावर एकच चाक चढले आणि डॅशबोर्डच्या खाली, डाव्या कोपऱ्यात करकर स्पष्ट ऐकू आली. आत बसलेल्या माणसाच्या कानावर विसंबून जागा ठरवायची नसते, कारण गाडीचा पत्रा हा आवाज वाहून नेणारा मोठा पडदा असतो. खाली कुठेतरी झालेली घासाघीस त्यातून प्रवास करते आणि जिथे पत्रा थरथरायला मोकळा असतो तिथे ऐकू येते. आधीच्या तिघांनी कानावर विश्वास ठेवून एकेक सामान बदलले होते.

पिटमध्ये उतरल्यावर मला एक चूक लगेच दिसली आणि तिनेच माझा तासभर घेतला. लोअर आर्मच्या बुशमध्ये आतली आणि बाहेरची अशा दोन लोखंडी नळ्या असतात व त्यांच्यामध्ये रबर चिकटवलेले असते. आर्म वरखाली होताना बुश फिरत नाही, रबर पिळले जाते. त्यामुळे त्याचा बोल्ट चाके जमिनीवर असताना, गाडीचे वजन पडलेल्या स्थितीत आवळावा लागतो. चाके लटकत असताना आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. आर्मच्या ठेवणीवरून इथे तसेच झाल्याचे दिसत होते. मी ते बोल्ट सैल करून, गाडी वजनावर ठेवून पुन्हा आवळले. चक्कर मारली तेव्हा आवाज कमी झाल्यासारखा वाटला, आणि काम झाले असे मी आबांना सांगूनही टाकले. दुसऱ्या चकरेत तो पुन्हा आला. घाईने दिलेला तो शब्द मला आजही टोचतो, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आलेला दिलासा मीच काढून घेतला.

चहा घेताना आबा सहज बोलून गेले की, गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गाडी घेतली तेव्हा आवाज नव्हता, आणि आताही गाडी खालून धुतली की एक-दोन दिवस तो येत नाही. मी कप खाली ठेवला. पाण्याने थांबणारा आवाज म्हणजे दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर घासत आहेत आणि पाणी काही काळ त्यांच्यात वंगणाचे काम करते. संशयाची एकेक जागा ओली करून आवाज थांबतो का हे पाहिले, तर सामान न बदलता दोष सापडू शकतो. अशा वेळी काही जण रबरावर तेल फवारतात, ते मला पटत नाही. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि कमकुवत होते. साधे पाणी पुरते.

फवारणीची बाटली घेऊन मी आर्मच्या पुढच्या बुशपासून सुरुवात केली, मग मागचा बुश, स्टॅबिलायझर बारचे रबर, बॉल जॉइंट आणि शॉकअपचे माउंटिंग. प्रत्येक वेळी माझा मदतनीस डाव्या चाकाखाली जॅक लावून ते एकटेच उचलत आणि सोडत होता. करकर प्रत्येक वेळी येत होती. मग त्याला गाडीत बसवून हँडब्रेक ओढायला सांगितला आणि इंजिन चालू ठेवून क्लच हलकेच सोडत एकदा पुढे, एकदा मागे असा ताण द्यायला लावला. सबफ्रेमच्या, म्हणजे बॉडीखाली बोल्टांनी बसवलेल्या लोखंडी चौकटीच्या, मागच्या डाव्या बोल्टाजवळ माझा तळहात होता. आवाज झाला त्याच क्षणी हाताला बारीक थरथर जाणवली. तिथे पाणी मारले आणि करकर थांबली.

हा बोल्ट मी सकाळीच पान्याने तपासला होता आणि तो घट्ट लागला होता. त्याच्याभोवती काळ्या मातीचा थर दगडासारखा वाळलेला होता. तो खरवडून काढला तेव्हा वॉशरच्या कडेने तपकिरी-लाल पुडीचे कडे दिसले. दाबून धरलेले दोन लोखंडी भाग सतत सूक्ष्म हालत राहिले की अशी गंजाची भुकटी बाहेर पडते, आणि नीट आवळलेल्या सांध्यात ती असायला नको. सबफ्रेमला जॅकचा आधार देऊन मी बोल्ट काढू लागलो, तर तो शेवटपर्यंत पान्यानेच फिरवावा लागला. बाहेर आला तेव्हा त्याचे टोकाकडचे आटे तिरके चिरडलेले होते आणि आट्यांत मातीमिश्रित गंज भरला होता.

बोल्ट आवळायला लावलेल्या जोराचा बहुतेक भाग घर्षणातच जातो. चांगल्या, कोरड्या आट्यांतही सुमारे 10 टक्केच जोर प्रत्यक्ष दाबून धरायला उरतो. आटे बिघडलेले असतील तर तोही उरत नाही. पाना अडतो, हाताला घट्ट लागते, आवळण्याचा जोर मोजणारी टॉर्क रेंचही ठरलेल्या मापाला टक् करते, पण सांधा मोकळाच असतो. आबांकडे जुन्या मालकाने दिलेल्या कागदांत एक पावती होती. विक्रीच्या दोन महिने आधी क्लच प्लेट बदलल्याची नोंद तिच्यावर होती. या गाडीत गिअरबॉक्स उतरवायला सबफ्रेम खाली घ्यावी लागते. परत बसवताना भोक समोर येण्याआधीच कोणीतरी बोल्ट तिरका लावून जोराने घुसवला होता, हे त्याच्या टोकावरून वाचता येत होते.

मला याची भीती वाटली ती आवाजामुळे नाही. त्या चौकटीवर दोन्ही लोअर आर्म आणि स्टिअरिंगची रॅक बसलेली असते. तिचा कोपरा मोकळा झाला, तर जोराचा ब्रेक लागताना चाकाची दिशाच बदलू शकते, आणि आबा आठवड्यातून दोनदा महामार्गावरून कापसाच्या ट्रकांमधून ही गाडी चालवत होते.

बॉडीतल्या नटाचे आटे तळापर्यंत खराब झालेले नव्हते. 12 मिलिमीटरचा, सव्वा मिलिमीटर पिचचा (म्हणजे आट्यांमधल्या अंतराचा) टॅप, आटे साफ करून नीट करायचे हत्यार, मी हाताने, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा फिरवत, मध्येमध्ये भुकटी साफ करत चालवला. नवा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला तेव्हाच मला खात्री पटली. चारही बोल्ट कंपनीच्या मापाने आवळले, प्रत्येकाच्या डोक्यावरून सबफ्रेमपर्यंत पिवळ्या रंगाची सरळ रेघ ओढली आणि व्हील अलाइनमेंट करून घेतली. तोपर्यंत दुपारचे तीन वाजले होते. त्याच पेट्रोल पंपाच्या उंचवट्यावर आबांनी स्वतः गाडी तिरकी चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. चौथ्या वेळी त्यांनी पंखा बंद केला, काचा वर घेतल्या आणि कान देऊन ऐकले. काहीच आले नाही.

मी त्यांना 500 किलोमीटरनंतर पुन्हा यायला सांगितले. ते जूनच्या अखेरीस, पेरण्या आटोपून आले, आणि या खेपेला आजी शेजारच्या सीटवर होत्या. गाडी पिटवर घेतली, चिखल पुसला, बॅटरीचा उजेड पाडून पाहिले. चारही पिवळ्या रेघा न तुटता सरळ होत्या, आणि वॉशरच्या कडेला भुकटीचा कणही नव्हता.