तुम्ही विचारलंत म्हणून: तिन्यानॉव्हमधलं खरं किती?

रशियन लेखक युरी तिन्यानॉव्हचं नाव मी काढलं की हा प्रश्न हमखास येतो: ‘यातलं खरं किती आणि रचलेलं किती?’ ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या आपल्या वाचकाला तो पडणारच.

तिन्यानॉव्ह (१८९४–१९४३) आधी संशोधक, मग कादंबरीकार. रशियन कवी पुश्किनच्या काळातली हस्तलिखितं कोळून प्यायलेला माणूस. पुश्किनचा वर्गमित्र क्युखेलबेकर याच्यावर त्याने १९२५ साली ‘क्युखल्या’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा विस्मरणात गेलेला हा कवी लोकांना पुन्हा आठवला. दस्तऐवज संपतो तिथे मी सुरू होतो, असं तो म्हणे. हे वाक्य सगळे सांगतात. दरबारी थाटाचे कागद माणसांसारखेच खोटं बोलतात, हे त्याचं दुसरं म्हणणं मला जास्त मोलाचं वाटतं.

‘लेफ्टनंट किजे’ ही त्याची कथा वाचा म्हणजे कळेल. झार पावेलच्या काळात कारकुनाच्या लेखणीतून चुकून एक अधिकारी जन्माला येतो. झारला चूक झाली हे सांगायचं कुणी? मग त्या नसलेल्या माणसाला फटके बसतात, सायबेरियाची वाट दाखवली जाते, माफी मिळते, लग्न होतं, जनरलपद मिळतं आणि शेवटी इतमामाने दफनही होतं. उलट कागदावर मेलेला एक जिवंत लेफ्टनंट दारोदार फिरतो. त्याला कुणीच जिवंत मानत नाही.

नाटककार ग्रिबोयेदॉव्ह १८२९ मध्ये तेहरानमध्ये जमावाच्या हल्ल्यात मारला गेला. तो तिथे रशियाचा राजदूत होता, म्हणजे तिथल्या भाषेत ‘वजीर-मुख्तार’. त्याच्या शेवटच्या वर्षावर तिन्यानॉव्हची ‘वजीर-मुख्तारचा मृत्यू’ ही कादंबरी आहे. या हत्येनंतर इराणच्या शहाचा नातू माफी मागायला पीटर्सबर्गला गेला आणि त्याने झारला एक हिरा दिला. तो आता क्रेमलिनमध्ये आहे. त्यावर कोरलेल्या तीन नावांतलं सर्वांत जुनं नाव अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाचं! (हे कळल्यावर मी उगाचच खूश झालो होतो.) हिरा म्हणजे रक्ताची किंमत, असं सर्रास सांगितलं जातं, अभ्यासकांना ते तितकंसं मान्य नाही. म्हणजे जी गोष्ट लोक इतिहास म्हणून सांगतात, तीही तपासूनच घ्यावी लागते.

तिन्यानॉव्हची ‘पुश्किन’ ही कादंबरी मात्र अपुरीच राहिली. मज्जासंस्थेच्या असाध्य आजाराने त्याचं शरीर निकामी होत गेलं, तरी तो त्यावर काम करत होता.

तर तुमच्या प्रश्नाला टक्केवारीत उत्तर माझ्याकडे नाही. सुरुवात ‘किजे’पासून करा, एका बैठकीत संपते. ‘वजीर-मुख्तार’ जड आहे, पहिली काही पानं तर फारच. तिथे पुस्तक मिटू नका.