काट्याजवळची पोट्टी

नागपुरात मुलींच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत आहे मी. काम म्हणजे शाळा सुटलेल्या मुली शोधायच्या आणि परत कुठेतरी बसवायच्या. जानेवारीत आम्ही दोघी कुही तालुक्यात एका मिरचीच्या सातऱ्यावर गेलो होतो, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, मोकळ्या मैदानात लाल मिरची पसरलेली असते आणि बाया ओळीनं बसून देठ खुडत असतात, मजुरी किलोवर. पाच मिनिटांत नाक-डोळे वाहायला लागले, बोलायला तोंड उघडलं की शिंक, आणि बाया हसून हसून बेजार, "म्याडमले लागली ना बाप्पा मिरची!"

आम्हाला हवी होती ती मुलगी १५ वर्षांची, आठवीनंतर घरी. ही आठवी आम्हाला जिथंतिथं भेटते, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरताच आहे ना, पुढं गावात हायस्कूल नसलं की खेळ खल्लास. मी आपली नेहमीची टेप लावली, बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, रोज जाणं जमत नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, शाळा सोडल्याचा दाखला तेवढा शोधून ठेवा वगैरे वगैरे. आई चूप. मला वाटलं आता लग्नाचं निघणार, नाहीतर पैशाचं.

तर बाजूची म्हातारी म्हणते, "हे गेली तं काटा कोन पाहीन मंग?"

मला आधी कळलंच नाही. मग पोरीनं वही काढली, गणिताची जुनी वही उलटी करून मागच्या पानांवर २२ बायांची नावं आणि रोजचं वजन लिहिलेलं. आधी साडेनऊ किलो भरलं तरी नऊच लिहायचे म्हणे, बायांना काट्यावरचा आकडा वाचता येत नव्हता, हिनं पहिल्याच आठवड्यात पकडलं. तेव्हापासून तोलाईच्या वेळी ही काट्याला चिकटून उभी. आणि मी तिला तिथून उठवायला गेले होते! आमच्या फॉर्ममध्ये शाळा सोडण्याच्या कारणांचे सहा रकाने आहेत, हे कुठल्या रकान्यात टाकू?

खरं सांगते, माझं पाठ केलेलं सगळं तिथंच संपलं. मी तिलाच विचारलं, तू सांग काय करायचं. तोलाई संध्याकाळी तासभरच असते, आमचा वर्ग सकाळी घेता येईल, पण वर्ग मांढळ गावात आणि परत यायच्या गाडीचा भरवसा नाही. ती जराशी थांबली, मग म्हणाली, "पह्यले या दोघीले आकडे शिकवतो, मंग येतो."

दोन तरण्या सुनांना तिनं तिथंच समोर बसवलं, मिरचीच्या देठानं मातीत ९.५ काढलं आणि मधल्या टिपक्यावर बोट ठेवलं. "हे दिसून राह्यलं का? पैसे इथून जातेत."