मार्कंड्याची पायवारी

२००९ च्या महाशिवरात्रीला मी आत्याबरोबर गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीहून मार्कंड्याला, तिथल्या महादेवाच्या दर्शनाला, पायी निघालो, तेव्हा माझ्या पायात नवे बूट होते, आणि गाव मागे पडण्याआधीच टाचेला फोड आला. आत्या अनवाणी होती. तिने एकदा खाली पाहिले आणि म्हणाली, "कायले घातले गा नवे जोडे? देवापाशी का लगनाले चालला?" मी बूट पिशवीत टाकले. पहाटेच्या थंडीत डांबर बरे वाटत होते. उजाडल्यावर मात्र कडेच्या खड्यांनी माझी परीक्षा घेतली.

धान केव्हाच निघाले होते आणि बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. काही धुऱ्यांवर उपटलेल्या लाखोळीचे, म्हणजे लाखेच्या डाळीच्या पिकाचे, ढीग होते, आणि पळस इतका फुलला होता की दूरच्या रांगेतल्या बायकांची लुगडी कोणती आणि फुले कोणती हे चटकन कळत नव्हते. "हर बोला महादेव" असा गजर पुढून येई आणि मागे जाता जाता विरून जाई. उपासामुळे बोलणे कमी होते.

मार्कंड्याला वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहते, आणि उत्तरवाहिनी म्हणूनच या काठाचे माहात्म्य मोठे आहे. फेब्रुवारीत पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. बायका वाळूत हाताने झिरा उकरून, गाळ बसेपर्यंत शांतपणे वाट पाहून, वाटीने तांब्यात पाणी भरत होत्या. आम्ही अंघोळ उरकली आणि दर्शनाच्या रांगेला लागलो.

अल्पायुषी मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली आणि यमाला माघारी जावे लागले, ही कथा रांगेत सगळ्यांनाच पाठ होती. मला अधिक ओढ होती ती दगडांची. १८७३-७४ च्या सुमारास ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने या भागाचा दौरा केला आणि इथल्या देवळांचे सविस्तर वर्णन करून ठेवले. मुख्य देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या रांगा इतक्या दाट आहेत, की लोक याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. (ही उपमा मला कधीच फारशी आवडली नाही, मार्कंड्याला दुसऱ्या गावाचे नाव उसने घ्यायची गरज नाही.) कनिंगहॅमच्या कितीतरी आधी वीज पडून शिखर कोसळले, मंडपाचे छत फुटले, आणि गोंड राजवटीत आतून जाडजूड खांब आणि कमानी उभारून ते सावरले गेले.

रांग नेमकी अशाच एका खांबाशी अडली. भिंतीवरल्या अप्सरेच्या बोटांची नखेसुद्धा मोजता यावीत इतके कोरीव काम बाहेर असताना हा खांब अगदी ओबडधोबड होता. पण कमरेच्या उंचीवर शेकडो हातांनी आणि पाठींनी तो तेलकट, गुळगुळीत झाला होता. जाणकार या दुरुस्तीला बेढब म्हणतात. आत्याने पाठ टेकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "हा नसता तं देऊळ कवाच बसलं असतं." अर्धा तास आम्ही तिथेच होतो. गर्भगृहात मात्र क्षणभरही थांबता आले नाही.

बऱ्याच वर्षांनी मी एकटाच परत चालत गेलो. आता आत्याचे गुडघे उंबरठाही ओलांडू देत नाहीत. मधल्या काळात जीर्णोद्धारासाठी देवळाचे दगड उतरवले गेले होते आणि काम रेंगाळले होते. यात्रेकरू त्या दगडांना वळसा घालून दर्शनाला जात होते. एका कोरीव दगडावर कोणीतरी बेलाचे पान आणि कुंकू वाहिले होते. तो शिखराचा होता की भिंतीचा, हे मला ओळखता आले नाही.

घरी आल्यावर आत्याने दर्शन कसे झाले हे विचारलेच नाही. "दगड पावसात तं नाही ना पडले?" एवढेच तिने विचारले. ते उघड्यावरच होते. मी पिशवीतून प्रसाद काढून तिच्या हातावर ठेवला.