मे महिन्यासाठी बांधलेल्या घरात डिसेंबर

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असताना नागपुरात राहायला जागा शोधायची म्हणजे डोक्याला ताप. १९५३ च्या नागपूर करारामुळे दर वर्षी सरकार इथे मुक्कामाला येतं आणि पाठोपाठ पत्रकार, कार्यकर्ते, मोर्चेवाले. हॉटेलांचे दर ऐकून फोन ठेवला. शेवटी मावसभावाच्या ओळखीने महाराजबागेजवळ एका जुन्या इमारतीत फ्लॅट मिळाला. पुढे बैठकीची खोली, मध्ये एकच बेडरूम, मागे स्वयंपाकघर. इमारत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती तेव्हाची.

भिंती एवढ्या जाड की खिडकीत मांडी घालून बसावं. बसलोही. छत एवढं उंच की पंखा लांबलचक दांडीवर टांगूनसुद्धा वरच राहिलाय. मला सगळ्यात आवडली ती दारावरची झडप. लाकडी चौकट, मधोमध खिळ्यावर फिरणारी, खाली दोरी लोंबतेय. दोरी ओढली की झडप उघडते आणि खुंटीला दोन वेढे दिले की तशीच राहते. गरम हवा वर चढते, तिला तिथून बाहेरची वाट. वीज लागत नाही, आवाज नाही, बिघडायला काही नाही. खिडक्यांच्या चौकटींना बाहेरून गंजलेले आकडे दिसले. उन्हाळ्यात तिथे वाळ्याच्या ताट्या टांगून त्यांच्यावर पाणी मारायचे. आता त्यातल्याच एका खिडकीची खालची फळी कापून कूलरला जागा केलीय, फार निर्दयपणे. पश्चिमेला खोल व्हरांडा आहे, त्यामुळे दुपारचं ऊन खोलीच्या भिंतीपर्यंत पोहोचतच नाही.

ज्या गावात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे ही सगळी रचना शहाणपणाची. पण मी गेलो डिसेंबरात. पहाटे फरशीवर पाय टेकवेना. जी भिंत ऊन आत येऊ देत नाही, ती रात्रभर गारठाही धरून ठेवते. खालच्या मजल्यावरच्या काकूंना रग मागितला तर म्हणाल्या, "थंडी वाजून राहिली का? मे महिन्यात येऊन पाहा, मग घर काय आहे ते समजेल." रग मात्र दोन दिले.

बाथरूम व्हरांड्याच्या टोकाला. गीझर लावला की बैठकीतला दिवा मंद होतो. याबद्दल अधिक काही लिहीत नाही.

थंडी घालवायला बरा उपाय म्हणजे सकाळी लवकर बाहेर पडणं. महाराजबाग मूळची भोसल्यांची बाग. आत प्राणिसंग्रहालय आहे आणि त्याचा कारभार कृषी विद्यापीठाकडे आहे, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. सकाळी फिरायला येणारे अधिवेशनावर मतं देतच चालतात. दोन फेऱ्या त्यांच्या मागे मारल्या तर वर्तमानपत्र घ्यायची गरज नाही. परतताना कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री पोहे. वर हरभऱ्याच्या लालभडक रश्शाचा पळीभर थर, त्यावर कच्चा कांदा. पुण्यातल्या पोह्यांवर वाढलेल्या माणसाच्या नाकातून पाणी येतं, पण रग लागत नाही. पुढे झाशी राणी चौकातून मेट्रो पकडली की गावभर हिंडता येतं.

निघताना काकूंनी संत्र्यांची पिशवी हातात दिली आणि मे महिन्याचं आमंत्रण पुन्हा दिलं. मी फेब्रुवारीवर तोडगा सुचवलाय. त्या अजून तयार नाहीत.