दुपारी झोपून उठल्यावरचा उजेड

ताईंचं ते वाक्य अजून कानातून जात नाही. ‘तुम्हाला बरं दिसेल तसं करा.’ रागानं म्हणाल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं.

झालं एवढंच. दुसऱ्या अंकात त्या खुर्चीत एकट्या बसतात, तिथं त्यांना ‘दुपारी झोपून उठल्यावर असतो ना, वेळ कळत नाही, तसा’ उजेड हवा होता. आणि मी विचारलं, ‘जनरल वॉर्म ठेवू, की साइडच्या फ्रेनेलला जेल टाकून बार्न डोअरनं कापू? फेड किती सेकंदांचा?’ त्या बघत राहिल्या. मग ते वाक्य. मग चष्मा पुसायला लागल्या.

मोठेपणा मिरवायला बोललो नाही, हे स्वतःला दहादा सांगून झालं. हे शब्द मला कुणी बसवून शिकवलेले नाहीत. शिडीवर चढून, तापलेल्या दिव्यांनी बोटं भाजून घेत एकेक गोळा केलाय. प्रयोग संपल्यावर टाळ्या नटांना पडतात, आम्ही मागे अंधारात वायरी गुंडाळत असतो. आमचे म्हणून हेवढे शब्दच. तेही खाली ठेवायचे?

आणि ते लागतातच. प्रयोग चालू असताना हेडसेटवर ‘गो’ हा शब्द कुणी उगाच उच्चारत नाही, कारण तो ऐकला की बोट बटणावर पडतं. ‘उबदार’ म्हटलं तर प्रत्येकाचा उबदारपणा निराळा. 3200 केल्विन म्हटलं, म्हणजे उजेडाचा रंग आकड्यात सांगितला, की वाद मिटतो. त्यातही आकडा चढत जाईल तसा प्रकाश डोळ्यांना थंड वाटत जातो. 5600 तर निळसरच.

पण ताईंनी आकडा मागितलाच नव्हता. फिरून फिरून तिथंच येतोय. त्या वेळ न कळण्याबद्दल सांगत होत्या आणि मी मनातल्या मनात दिवे टांगत होतो.

तसे आमचे शब्द तरी कुठे आभाळातून पडलेत? फ्रेनेल हा आमचा भिंगाचा दिवा, पण ते एका माणसाचं आडनाव. 1820च्या दशकात त्यानं दीपगृहासाठी पायऱ्यापायऱ्यांचं भिंग तयार केलं, जहाजांना लांबून उजेड दिसावा म्हणून. जेल, म्हणजे उजेडाला रंग द्यायला दिव्यापुढे लावायचा पातळ पडदा, पूर्वी खरोखर जिलेटिनचं असायचं; आता प्लास्टिक आलं, नाव राहिलं. बार्न डोअर म्हणजे तर कोठाराचं दार. दिव्यापुढच्या पत्र्याच्या झडपांकडे बघून कुणाला तरी आपलं दारच आठवलं असणार.

आणि आपलं ‘लाइट घे’? तेवढं म्हटलं की नट अर्धं पाऊल सरकतो, हनुवटी उचलतो, गालाला ऊब लागली की थांबतो. हे ताईंना कधी समजावून सांगावं लागलं नाही. मला वाटतं, त्यांनीच कितीतरी पोरांना शिकवलं असेल.

आज सगळे गेल्यावर खुर्ची मांडली. बाजूनं, खांद्याच्या उंचीवर, एकच फ्रेनेल. जेल नाही. हॅलोजन डिमरवर हळूहळू खाली आणला तसा तो आपसूक तांबूस होत गेला. खुर्चीत जाऊन बसलो. माझीच सावली पार दुसऱ्या विंगेपर्यंत गेलेली. सकाळ की संध्याकाळ, कळेना. घरात कुणी आहे की सगळे गेलेत, असं काहीतरी... ते जाऊ दे.

क्यूशीटवर, म्हणजे दिवे कधी बदलायचे त्या यादीत, 14व्या क्यूसमोर ‘झोपून उठल्यावर’ असं लिहून ठेवलंय. पुढे फेडला, म्हणजे उजेड हळूहळू बदलायला, 40 सेकंद. तेवढे लागतील की जास्त होतील, हे त्या खुर्चीत बसल्यावरच कळेल. उद्या दिव्यांचं काही काढणार नाही. आधी एवढंच विचारणार, ताई, वेळ कळत नाही तेव्हा तुम्हाला भीती वाटते का बरं वाटतं?