शेजारच्या पोट्ट्याचं ऑफर लेटर

रविवारी वावरातून आले तर शेजारचा पोट्टा ओसरीवर बसलेला, मोबाईलवर ऑफर लेटर उघडून. मोठी आयटी कंपनी, वर्षाला ३.५ लाख, जागा हिंजवडी. "ताई, जाऊ का नोको?" मी त्याच वाटेनं गेलेली, म्हणून मला विचारलं. तेव्हा घाईत अर्धवटच सांगितलं, बाकीचं इथं लिहिते.

३.५ लाखांना बारानं भागून घरी आकडा सांगू नकोस. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी, कामगिरीवर कमी-जास्त होणारा व्हेरिएबल, सगळं त्यातच धरलेलं असतं. माझ्या हाती पहिल्या महिन्यात २४ हजारही आले नाहीत, आणि त्यातले ९ हजार मारुंजीची खोली अन् मेस यांत गेले.

तरी जा. आपला दर्यापूरचा भाग खारपाण पट्टा. विहिरीचं पाणी खारं, ओलीत नाही, पऱ्हाटी-तूर सगळी आभाळाच्या भरवशावर. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला ८११० झाला, पण बोंडअळी पडली की भाव असून घरात कापूस नसतो. अशा घरात ठरल्या तारखेला पगार जमा होणं म्हणजे काय, हे पुण्यातल्या मैत्रिणींना मला कधी समजावता आलं नाही. बाबांचं सावकाराकडे जाणं त्याच वर्षी थांबलं. आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन अमरावतीला कंपनीच्या मेडिक्लेमवर झालं, वावर गहाण टाकावं लागलं नाही. (आई-वडिलांचा हप्ता आमच्याकडे वेगळा कापायचे आणि नावं घालायला मुदत थोडी असायची. रुजू झाल्या झाल्या विचारून घे.)

पण तिथं गेल्यावर तुझी वर्षं प्रोजेक्टवर ठरतील, अन् तो निवडणं तुझ्या हातात नसेल. मी जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून गेले, ट्रेनिंगही जावाचंच झालं. मग तीन महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून, रोज मेल उघडून बघत. शेवटी मिळाला अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या मेनफ्रेमचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मोठ्या कॉम्प्युटरचा सपोर्ट. रात्री बॅच चालायची, म्हणजे दिवसभराच्या नोंदींवरची कामं कॉम्प्युटर एकामागून एक उरकायचा; त्यातल्या एकेका कामाला जॉब म्हणायचे. आकड्याच्या रकान्यात भलतंच काही आलं की जॉब 'एस झिरो सी सेव्हन' ही चूक दाखवून बंद पडायचा. ती नोंद शोधायची, बाजूला काढायची, जॉब पुन्हा लावायचा. कोबोल ही तिथली जुनी भाषा वाचायला शिकले, दुसऱ्यानं कधीकाळी लिहिलेलं काम जपून हाताळायला शिकले, त्याचा मला अभिमान आहे. पण चार वर्षं तेच. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं मागे गेली की आमची शिफ्ट आणखी तासभर उशिरा. चारही वर्षं सीतादहीला, कापूस वेचणी सुरू करतानाच्या वावरातल्या पूजेला, मी घरी नव्हते.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. पुण्यातल्या एका लहान कंपनीनं मला जावाच्या कामासाठी निवडलं. त्यांना महिनाभरात माणूस हवा होता, आमचा नोटीस पीरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर थांबायची मुदत, ९० दिवसांचा. पैसे भरून सुटते म्हटलं, दोनदा विनवलं. मॅनेजर म्हणाला, "क्लायंटला रिसोर्स दाखवून झालाय." रिसोर्स म्हणजे मी. निदान माझं नाव घेऊन नाही म्हणाला असता. ती नोकरी गेली.

पाच वर्षं पूर्ण करूनच मी निघाले. आता अमरावतीत जावाचंच काम करते, रविवारी गावी येते. निघताना ग्रॅच्युइटी मिळाली, दर वर्षामागे शेवटच्या मूळ पगाराचे १५ दिवस. त्या पैशांत शेततळ्यावरची मोटार अन् पाइप आले. यंदा हरभऱ्याला पहिल्यांदाच दोन पाणी दिले.