टाकी गळत होती, म्हणून पट्टे उघडले

आमच्या जुन्या ट्रॅक्टरची डिझेलची टाकी आतापर्यंत तीनदा झाळून झाली होती. तिन्ही वेळा चीर एकाच जागी पडली, मागच्या डाव्या कोपऱ्यात, टाकी ब्रॅकेटवर टेकते तिथून बोटभर वर. चौथ्यांदा तिथूनच डिझेल पाझरायला लागलं तेव्हा आप्पा म्हणाले, "पत्रा म्हातारा झालाय." मी म्हटलं, मग चारही कोपरे म्हातारे व्हायला हवेत. एकट्या त्याच कोपऱ्याचं वय कसं वाढतं?

म्हणून या वेळी टाकी झाळायला देण्याआधी तिच्याखालचं सगळं उतरवायचं ठरवलं. रचना साधी आहे. इंजिनाच्या वर पुढे एक आणि मागे एक ब्रॅकेट, त्यांवर टाकी बसते. वरून दोन लोखंडी पट्टे येतात. पट्ट्याचं एक टोक बिजागिरीसारखं खिळ्यात अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला लांब बोल्ट. तो आवळला की पट्टा टाकीला खाली दाबून धरतो. लोखंड आणि पत्रा यांच्यामध्ये नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या. बस्स. पण टाकीत 45 लिटर डिझेल भरलं की साडेसदतीस किलोच्या आसपास वजन होतं, आणि तीन सिलिंडरचं इंजिन ते सगळं दिवसभर हलवत असतं.

टाकी रिकामी केली आणि उचलून लांब नेऊन ठेवली. पुढे गॅसची ज्योत वापरायची होती आणि रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातकी असते. यावर आमच्या घरात वाद होत नाहीत.

ब्रॅकेटचे चार बोल्ट. तिघांना अर्ध्या इंचाचा पाना अगदी बेतात बसला. चौथ्याला तो लागेचना. 13 चा लावला तर बसला. मी तिथेच थांबले. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. एकाच ब्रॅकेटच्या दोन बोल्टांना दोन वेगळे पाने लागतात, याचा अर्थ मधल्या काळात कुणीतरी तिथे हात घातलेला आहे. आणि हा बोल्ट होता मागचा डावा.

तो निघता निघेना. दोन दिवस गंज सोडवणारं तेल सोडत राहिले, येता-जाता डोक्यावर हलके ठोके. तिसऱ्या दिवशी भोवतालचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थोडं तापवलं. आप्पा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. "अगं, आधी घट्ट कर, मग सैल कर," म्हणाले. उलट्या बाजूला केसभर आवळला आणि मग सोडला, तेव्हा कर्र करून सुटला. बाहेर आला तो एम-8 चा बोल्ट. भोक मात्र 5/16 इंचाचं.

ही चूक का होते ते सांगते, कारण जुन्या ट्रॅक्टरवर ती होतेच. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर आणि एम-8 म्हणजे 8. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण आट्यांचं गणित वेगळं. बिडातल्या भोकात जाडे आटे होते, इंचाला 18. बिडात बारीक आटे लवकर तुटतात म्हणून तिथे जाडे ठेवतात. पट्ट्यांचे लांब बोल्ट त्याच मापाचे, पण ते नटात जातात, म्हणून त्यांचे आटे बारीक, इंचाला 24. एम-8 चा एक आटा सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला वीसच्या किंचित वर. तो या भोकात दोन-तीन फेरे गोडीगुलाबीनं जातो आणि मग अडकतो.

आट्यांच्या कोनाचीही एक जुनी भानगड आहे. ब्रिटिश इंजिनियर व्हिटवर्थनं 1841 मध्ये मांडलेल्या आट्याचा कोन 55 अंश होता, अमेरिकेतला 60. दुसऱ्या महायुद्धात एकाचे सुटे भाग दुसऱ्याला बसेनात, तेव्हा 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी 60 अंशांवर एकमत केलं. जुन्या यंत्रात यातलं काय निघेल याचा नेम नसतो. आट्यांचा गेज लावून पाहिल्याशिवाय बोल्ट फिरवू नये, आणि अंदाजाने तर नाहीच.

खरी गंमत बोल्टाच्या खाली निघाली. ब्रॅकेट आणि बीड यांच्यामध्ये एकावर एक तीन वायसर. बोल्ट पूर्ण खाली जाईना, डोक्याखाली फट राहायला लागली, म्हणून त्या भल्या माणसानं ब्रॅकेटच वर उचललं! एक वायसर 1.6 मिलिमीटरचा, म्हणजे तो कोपरा जवळजवळ पाच मिलिमीटर उंच. वरून पट्टा आवळला की टाकीला पीळ बसायचा, आणि तो पीळ इंजिनाच्या प्रत्येक थरथरीबरोबर पत्र्याच्या एकाच ओळीवर काम करायचा. आम्ही तीन वेळा टाकीला झाळ लावली. वायसर जिथल्या तिथेच राहिले.

मी तीनही वायसर आप्पांच्या तळहातावर ठेवले. ते बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "पेरणी तोंडावर होती. हाताला जो बोल्ट लागला तो मारला."

विषय मी तिथेच सोडला.

भोकाचे वरचे चार-पाच आटे चुरडले होते. खालचे शाबूत. 5/16 चा 18 आट्यांचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, तेल लावून हातानं फिरवला, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि दर वेळी टॅप बाहेर काढून बिडाची काळी पूड पुसली. तारेनं भोकाची खोली मोजली आणि पूर्वीपेक्षा थोडा लांब बोल्ट घेतला, म्हणजे पकड खालच्या आट्यांवर येईल.

मग पट्टे. वरून पाहिलं तर रंग उडालेला, एवढंच. नमदा सोलून काढला आणि खाली लोखंडाचे पापुद्रे. नमदा पाणी पितो आणि सोडत नाही, तेव्हा पट्टा बाहेरून नव्हे, पोटाकडून कुजतो. व्हर्नियर लावला. उघड्या जागी 1.9 मिलिमीटर, नमद्याखाली 1.1. मागच्या पट्ट्याला तर एका जागी सुईएवढं भोक, उजेडासमोर धरल्यावर दिसलं. तो बाद केला. 25 मिलिमीटर रुंद आणि 2 जाड पट्टीचा नवा केला, टोक सळईवर वळवून बिजागिरी केली. पुढचा वाचला.

वाचलेल्याचा गंज मी विजेनं काढला. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जरचं ऋण टोक पट्ट्याला, धन टोक भंगार लोखंडाच्या तुकड्याला. टोकं उलटी झाली तर पट्टाच विरघळतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावू नये, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून बादली उघड्यावर. रात्रभरानं पट्टा काळा पडून निघाला, ब्रशनं घासल्यावर करडं लोखंड. लगेच वाळवला आणि त्याच दुपारी प्रायमर. उद्यावर टाकलं असतं तर सकाळी पुन्हा तांबूस थर दिसला असता.

नमद्याच्या जागी रबर घालायचं ठरवलं आणि इथे मी माती खाल्ली. घरात जुनी ट्यूब होती, ती कापून लावली. सुदैवानं टाकी अजून झाळायलाच होती. उरलेला तुकडा सहज डिझेलच्या बाटलीत टाकून ठेवला होता, सोबत नायट्रिल रबराचाही एक. आठवड्यानं पाहते तर ट्यूबचा तुकडा फुगून मऊ, नखानं खरवडला की काळी साय निघावी तसा. नायट्रिल जसाच्या तसा. टाकीवर डिझेल सांडणारच, झाकण लावताना सांडतंच. सगळं उपसून 5 मिलिमीटरचं नायट्रिल लावलं, तेही रंग पूर्ण कडक झाल्यावर. ओल्या रंगावर रबर चिकटून बसतं.

टाकी परत बसवताना आधी पट्टे लावलेच नाहीत. चारही कोपऱ्यांखाली कागदाच्या पट्ट्या सरकवल्या आणि एकेक ओढून पाहिली. तीन घट्ट, पुढची उजवी सुळकन बाहेर. तिथे रबराखाली पातळ पत्र्याचा तुकडा दिला, पुन्हा ओढल्या, चारही सारख्या अडल्या. मग पट्टे. नट बोटांनी टेकेपर्यंत, पुढे पान्यानं रबर पाचाचं चार मिलिमीटर होईपर्यंत, आणि वर दुसरा नट कुलूप म्हणून. जोर लावायचा मोह फार होतो. दहा तास ट्रॅक्टर चालवल्यावर रबर थोडं दबलं होतं, तेव्हा पाव फेरा आणखी दिला.

त्या संध्याकाळी हत्यारं आवरताना पाहिलं तर तो एम-8 चा बोल्ट आणि तीन वायसर आप्पा नट-बोल्टांच्या डब्यात टाकत होते. मी बघतेय हे त्यांनाही दिसलं.

"राहू दे गं," म्हणाले. "लागतो कधी तरी."

ते झोपायला गेल्यावर मी डबा उपडा केला, बोल्ट शोधून काढला आणि मिलिमीटरवाल्यांसाठी वेगळी बरणी केली. झाकणावर रंगानं मोठा आठ लिहिला. वायसर डब्यातच ठेवले.